पॅरामोटर शिकायचं आहे : प्रशिक्षणातले खरे धोके कोणते?

भिरभिरी

नमस्कार मंडळी,

गेल्या थंडीत कामशेतला पॅराग्लायडिंगचा प्राथमिक कोर्स केला. टेकडीवरून धावत सुटणं, विंग (पॅराग्लायडरचा कापडी पंख) डोक्यावर धरून ठेवणं, खालच्या शेतात नीट उतरणं इतपत जमतं. आता पॅरामोटर शिकायचं मनात आहे. पाठीवर इंजिन असलं की टेकडी लागत नाही, पश्चिमेच्या वाऱ्याची वाट बघत बसावं लागत नाही, एखादं मोठं मैदान मिळालं की झालं.

एका प्रशिक्षकांशी फोनवर बोलले. "पाच दिवसांत सोलो, सहाव्या दिवशी सर्टिफिकेट" असं ते म्हणाले. मोटर त्यांची, विंग त्यांची. माझं वजन ५२ किलो आहे, त्याने काही फरक पडतो का, असं विचारलं तर "छे, एकच मोटर सगळ्यांना चालते" असं उत्तर आलं. तिथे मी थबकले आणि पैसे भरायचे थांबवले.

घरून विरोध नाही, पण आईने एक प्रश्न विचारला आणि त्याचं उत्तर मला देता आलं नाही. ती म्हणाली, "यात माणसं मरतात ती नेमकी कशाने?" मला वाटायचं की आकाशात इंजिन बंद पडणं हाच मोठा धोका. पण विंग वर असतेच, इंजिन बंद पडलं तर आपण तरंगत खाली येणार. मग अपघात होतात ते कशाने?

ज्यांनी स्वतः केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. चाकांच्या गाडीवर बसून उडतात त्या पॉवर्ड पॅराशूटबद्दलही चालेल, कारण तो पर्यायही डोक्यात आहे.

अनघा_जोशी

छान धागा. माझा भाचाही याच खटाटोपात आहे. वाचतेय.

माळरान

भिरभिरी, बरोबर ठिकाणी थबकलात. वजनाबद्दल शेवटी लिहितो. आधी आईंच्या प्रश्नाचं उत्तर, कारण सगळं त्यात येतं.

इंजिन बंद पडणं हा स्वतःहून फार मोठा धोका नाही, हे तुमचं बरोबर आहे. विंगला इंजिनाची गरज फक्त उंची राखायला आणि वाढवायला असते. इंजिन बंद पडल्यावर कुठे उतरणार हे आधी ठरवलेलं नसेल, खाली ऊस, तारा किंवा पाणी असेल, तर मात्र तोच धोका जिवावर बेततो. शिकताना होणारे बहुतेक अपघात जमिनीला लागून होतात: इंजिन सुरू करताना, धावताना, पाय सुटल्यानंतरच्या पहिल्या काही सेकंदांत आणि उतरताना.

टँडममध्ये, म्हणजे दोघांच्या उड्डाणात, शिकवणारा तुमच्या मागे बसलेला असतो. पायांवरून उडवायच्या पॅरामोटरचं पहिलं उड्डाण बहुतेक शाळांत एकट्याचंच असतं. प्रशिक्षक खाली वॉकीटॉकी घेऊन उभा, तुमच्या कानात त्याचा आवाज आणि पाठीशी टू-स्ट्रोकचा कलकलाट. ब्रेक, म्हणजे विंग वळवायच्या आणि मंद करायच्या दोऱ्या, त्याच्या हातात नसतात, थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा खटका, त्याच्या हातात नसतो. तो सांगू शकतो, हात घालू शकत नाही. आणि रेडिओ ऐनवेळी बंद पडतात. म्हणून पहिल्या उड्डाणाच्या आधीच विंग अंगवळणी पडलेली हवी. पाच दिवस की पंधरा दिवस हा प्रश्नच गौण आहे. त्यातले किती तास मोटर बाजूला ठेवून नुसती विंग घेऊन मैदानात घालवणार, ते विचारा. यालाच ग्राउंड हँडलिंग म्हणतात.

ते जमलं हे कसं ओळखायचं? विंग डोक्यावर असताना वर न बघता, नुसत्या कमरेच्या पट्ट्यांवर येणाऱ्या ओढीवरून ती कुठल्या बाजूला कलतेय हे सांगता आलं पाहिजे. उजवीकडे कलली की हात ब्रेककडे जायच्या आधी पाय उजवीकडे पळाले पाहिजेत. विंगच्या खाली आपण जायचं. नवखा माणूस उलट करतो, जागेवर उभा राहून दोरीने विंगला आपल्याकडे खेचू बघतो. मोटर नसताना त्याचा परिणाम एवढाच, की विंग गवतात पडते. पाठीवर पंचवीस किलो आणि फिरता प्रोपेलर असताना तेच केलं की माणूस कोलमडतो, पात्याभोवतीचा पिंजरा वाकतो, पातं जमिनीला लागून फुटतं आणि तुकडे उडतात.

नंतर बंद मोटर पाठीवर घेऊन धावण्याचा सराव. मग सुरू मोटर घेऊन, विंगशिवाय धावणं. मग सगळं एकत्र. यातली एकही पायरी गाळणारा प्रशिक्षक मला चालणार नाही.

आता टेकऑफ. तीन गोष्टी वारंवार दिसतात.

पहिली, लवकर बसणं. पाय जमिनीवरून जरा हलके झाले की विद्यार्थ्याला वाटतं उडालो, आणि तो सीटमध्ये बसायला पाय उचलतो. विंगने अजून पूर्ण वजन घेतलेलं नसतं. तो खाली येतो तो थेट बुडावर, मोटरसकट. माकडहाड आणि प्रोपेलर एकाच वेळी जातात. धावत राहायचं, पाय हवेत चालायला लागले तरी धावत राहायचं, आणि मैदानाकडेच्या झाडांच्या वर गेल्याशिवाय सीटमध्ये सरकायचं नाही.

दुसरी, घाबरून थ्रॉटल सोडणं. हे नीट समजून घ्या. पूर्ण जोरावर चढताना मोटर तुम्हाला विंगच्या थोडं पुढे ढकलून ठेवते. थ्रॉटल एकदम सोडला की तुम्ही लंबकासारखे मागे झुलता, विंग पुढे झेपावते आणि खाली जाते. शंभर मीटरवर हा झोका दोन-तीन सेकंदांत जिरतो. पाच मीटरवर झोका पूर्ण व्हायच्या आत जमीन येते. उड्डाण रद्द करायचं तर ते पाय जमिनीवर असताना. एकदा वर गेलात की जोर कायम ठेवून सुरक्षित उंची गाठायची, मग विचार करायचा.

तिसरी म्हणजे टॉर्क, आणि इथे तुमचं वजन येतं. पातं एका बाजूला फिरतं, म्हणून इंजिन तुम्हाला उलट बाजूला पिळतं. मोटर जितकी ताकदवान आणि माणूस जितका हलका, तितका पीळ जास्त. ८५ किलोच्या माणसाला १८५ सीसीची मोटर जिथे फक्त थोडी बाजूला ओढते, तिथे ५२ किलोच्या व्यक्तीला तीच मोटर पूर्ण थ्रॉटलवर विंगच्या खाली अख्खी फिरवू शकते. रायझर, म्हणजे तुम्हाला विंगच्या दोऱ्यांशी जोडणारे पट्टे, एकमेकांत गुंततात, ब्रेक अडकतात आणि तुम्ही पाठ करून उडत असता. यात माणसं गेली आहेत. तुमच्यासाठी ८० सीसीच्या आसपासचं छोटं, हलकं इंजिन पुरेसं आहे. विंगचा आकारही तुमचं वजन अधिक मोटर अधिक पेट्रोल धरून निवडावा लागतो. "एकच मोटर सगळ्यांना" हे उत्तर ऐकल्यावर मी तरी त्या मैदानात पाय ठेवला नसता.

इंजिन सुरू करतानाचं वेगळं लिहायला हवं, कारण पॅरामोटरमधल्या सर्वात वाईट जखमा तिथेच होतात. सव्वा मीटरच्या आसपासचं पातं, टोकाचा वेग ताशी सहाशे-सातशे किलोमीटर. मोटर जमिनीवर उभी करून, समोर वाकून, एका हाताने दोरी ओढून सुरू करायची सवय असते. थ्रॉटलची केबल कुठे वाकून अडकलेली असली की इंजिन सुरू होताक्षणी पूर्ण जोरात जातं, मोटर अंगावर झेपावते, आणि माणूस ती अडवायला हात पुढे करतो. हात जाळीतून आत जातो. मोटर पाठीवर बांधून सुरू करा. जमिनीवरच करायची वेळ आली तर थ्रॉटल मोकळा आहे हे आधी दाबून-सोडून बघा, किल स्विच (इंजिन बंद करायचं बटण) चालतो हे बघा, पात्याच्या रेषेत कोणीही उभं नको. बघायला जमलेली पोरं तर अजिबात नकोत.

शाल्मली_अस्थिरोग

माळरान यांनी पातं आणि बूड दोन्ही सांगितलं, मी दवाखान्याच्या बाजूने लिहिते. मी हाडांची डॉक्टर आहे आणि आमच्याकडे असे रुग्ण येतात.

पडण्याच्या दुखापती दोन जागी जमतात: घोटा-टाच, आणि मणका. मणक्यात बाराव्या पाठीच्या आणि पहिल्या कमरेच्या मणक्याच्या जोडावर. पाठीचा ताठ भाग संपून लवचीक भाग सुरू होतो ती जागा, बुडावर आपटल्यावर जोर तिथे येऊन साचतो आणि मणका चेपतो. दिसायला माणूस ठीक असतो, उठून बसतो, "पाठ जरा भरलीय" म्हणतो. अशा माणसाला चालवत गाडीपर्यंत आणणं ही सगळ्यात घातक मदत. उंचावरून बुडावर पडलेल्याला जागच्या जागी आडवं ठेवा, मान-पाठ हलू देऊ नका, हेल्मेट काढायची घाई करू नका. पायाला मुंग्या, पाय जड वाटणं, लघवीची जाणीव न होणं, यातलं काहीही असेल तर ते फोनवरच १०८ ला सांगा.

पडणं टळत नाही असं दिसलं तर दोन्ही पाय जुळवून, गुडघे किंचित वाकवून, कुशीवर लोळण घ्यायची. पॅराशूटवाले हे शिकतात. मोटर पाठीवर असताना ती लोळण पूर्ण होत नाही, तरी पाय जुळलेले असले तर जोर बुडाऐवजी पायांतून जातो. घोट्याच्या वर येणारे ताठ बूट घाला. स्पोर्ट्स शूज पुरत नाहीत.

पात्याच्या जखमेला रक्त थांबवणं हेच पहिलं काम. कापडाने दाबून धरा, दाबूनही थांबत नसेल तर जखमेच्या वर टूर्निके (रक्त थांबवायचा पट्टा) आवळा आणि वेळ लिहून ठेवा. शाळेच्या मैदानात टूर्निके आहे का आणि ते बांधता येणारा माणूस त्या दिवशी हजर आहे का, एवढं कोर्सच्या आधी विचारा. उत्तरावरून बरंच काही कळतं.

उनाड

मला वाटतं आपण नवीन माणसाला फार घाबरवतोय. मी व्हिडिओ बघून, मित्राच्या जुन्या विंगवर शिकलो. मैदानात दोन तास हाताळणी केली आणि तिसऱ्या दिवशी उडालो. सगळं ठीक झालं. शाळांच्या फीमध्ये मोटरचे निम्मे पैसे येतात.

माळरान

उनाड, तुम्ही सुखरूप आहात याचा आनंद आहे, मनापासून. पण तुमचं उदाहरण वाचून कोणी तसंच करू नये, म्हणून स्पष्ट लिहितो.

शांत सकाळी, चांगल्या विंगवर, सरळ उडून सरळ उतरणं तिसऱ्या दिवशीही जमतं. काही बिघडलं नाही तोवर विद्यार्थी आणि मुरलेला पायलट सारखेच दिसतात. विंगचा एक कोपरा घडी पडून आला, धावताना एका बाजूची दोरी गाठीत अडकली, उतरताना वाऱ्याची झुळूक फिरली, की त्या दोन सेकंदांत हात काय करतात यावर सगळं ठरतं. ते हात व्हिडिओने तयार होत नाहीत.

जुन्या विंगचं अजून वेगळं. कापड उन्हाने जुनं होतं, त्यातून हवा झिरपायला लागते, दोऱ्या आकसतात, आणि विंग वर येतानाच मागे लटकते. डोळ्यांना ती नव्यासारखी दिसते. घेण्याआधी कापडाची आणि दोऱ्यांच्या लांबीची तपासणी करून घ्या. शिकणाऱ्याने युरोपीय प्रमाणपत्रातल्या ए श्रेणीची विंग वापरावी, फार तर सौम्य बी. मित्राकडे पडलेली वेगवान विंग फुकट मिळाली तरी नको.

उनाड

दोऱ्या आकसतात हे मला माहीत नव्हतं. माझी विंग तपासून घेतो. पैशाचा मुद्दा मात्र मला अजूनही खरा वाटतो, शिकणं स्वस्त व्हायला हवं.

नंदन_विस्कॉन्सिन

भिरभिरी यांनी चाकांच्या गाडीबद्दल विचारलंय, मी तेच शिकलोय म्हणून लिहितो. इकडे दर उन्हाळ्यात ओशकोशला मोठा हवाई मेळा भरतो, तिथे अल्ट्रालाइटवाल्यांची (अतिहलक्या यानांची) स्वतंत्र गवताची धावपट्टी असते. तिथे बघून मन बसलं.

पॉवर्ड पॅराशूट म्हणजे तीन चाकांची गाडी, मागे मोटर, वर मोठी चौकोनी विंग. वेग जवळजवळ ठरलेला असतो, ताशी ४५ ते ५५ किलोमीटर. थ्रॉटल वाढवला की वर, कमी केला की खाली. पायाने दांडे दाबून वळायचं, दोन्ही दांडे एकदम दाबून उतरताना वेग मोडायचा. शिकण्याच्या दृष्टीने मोठा फायदा म्हणजे दोन आसनांची गाडी असते, प्रशिक्षक मागे बसतो आणि त्यालाही नियंत्रण घेता येतं. पहिल्यांदा एकटं उडायच्या आधी तुम्ही त्याच्याबरोबर बऱ्याच वेळा चढ-उतार केलेले असतात.

अमेरिकेत याचे दोन रस्ते आहेत. एका आसनाचं, रिकामं वजन २५४ पौंडांच्या आतलं, म्हणजे साधारण ११५ किलो, आणि ५ गॅलनपर्यंत पेट्रोल असलेलं यान विनापरवाना उडवता येतं. दोन आसनी किंवा जड यानाला स्पोर्ट पायलटचं प्रमाणपत्र लागतं. ते प्रमाणपत्र २००४ पासून आहे. त्यात किमान १२ तास उड्डाण, त्यातले १० तास प्रशिक्षकाबरोबर, २ तास एकट्याने, २० वेळा टेकऑफ आणि लँडिंग, असे आकडे ठरवून दिलेत. कायद्याने लागत नाही तिथेही शहाणी माणसं हेच मोजमाप वापरतात. तुमच्या पाच दिवसांच्या कोर्सला हेच विचारा: प्रत्यक्ष किती टेकऑफ आणि लँडिंग?

या गाडीचा खास धोका म्हणजे उलटणं. विंग मागे जमिनीवर पसरलेली असते, गाडी पुढे निघाली की ती फुगून वर येते. ती थेट डोक्यावर येऊन स्थिर झाल्याशिवाय पूर्ण जोर द्यायचा नाही. एका बाजूला झुकलेल्या विंगला जोर दिला की ती गाडीला त्या बाजूला खेचते, एक चाक उचलतं आणि क्षणात गाडी आडवी. अडकलेली दोरी, न फुगलेलं टोक, दोऱ्यांची गाठ, हे सगळं मान वर करून बघून घ्यायचं, आणि शंका आली की तिथेच इंजिन बंद. माझे प्रशिक्षक प्रत्येक वेळी मोठ्याने बोलायला लावायचे: "डोक्यावर, भरलेली, दोऱ्या मोकळ्या." तिन्ही म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही.

चाकं आहेत म्हणून जास्त वाऱ्यात उडता येतं असा गैरसमज आहे. विंग मोठी, वेग कमी, त्यामुळे वारा इथेही तितकाच आडवा येतो. इंजिन बंद पडल्यावर ही यानं पॅरामोटरपेक्षाही कमी तरंगतात. शंभर मीटर उंचीवरून फार तर चार-पाचशे मीटर पुढे जाल.

देवबागकर

पाण्याबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. किनाऱ्यावर उडणं सोपं दिसतं. मोकळी वाळू, तारा नाहीत, वारा सरळ समुद्रावरून येतो. म्हणून बरेच जण तिथेच शिकवतात. पण पॅरामोटर पाण्यात पडलं की तीन गोष्टी एकदम होतात. मोटरचं वजन माणसाला उताणं किंवा पालथं पाडतं, विंग वरून झाकली जाते, आणि दोऱ्या हातापायाला गुंडाळतात. पोहणाऱ्याला पोहता येत नाही.

२०२० च्या ऑक्टोबरात कारवारच्या रवींद्रनाथ टागोर किनाऱ्यावर मोटर लावलेलं पॅराग्लायडर समुद्रात कोसळलं. नौदलाच्या एका कॅप्टनचा जीव गेला, चालक वाचला. नौदलातला माणूस, पाण्याची सवय असलेला. आमच्या भागात तेव्हा सगळ्यांना हळहळ वाटली होती.

इंजिन आत्ता बंद पडलं तर कोरड्या जमिनीवर पोचता आलं पाहिजे, एवढ्याच अंतरापर्यंत पाण्यावर जायचं. शिकाऊ माणसाने पाण्यावर जायचंच नाही. किनाऱ्यावर शिकवत असतील तर मोटरच्या चौकटीला लावायचे, पाण्यात आपोआप फुगणारे फ्लोट आहेत का आणि होडी तयार आहे का हे बघा. पाण्यात पडणार हे नक्की झालं तर छातीचा पट्टा आधी सोडायचा, पायाचे बकल हाताशी ठेवायचे, आणि पाणी लागताच बाहेर. हे बकल डोळे मिटून सोडण्याचा सराव घरी खुर्चीवर बसून करता येतो.

दुपारी मतलई संपून खारा वारा जोर धरतो, ती वेळ नवशिक्याची नाही. आमच्याकडे होड्यासुद्धा त्या हिशोबाने सुटतात.

स्पार्कप्लग

कोल्हापुरात टू-स्ट्रोकची कामं करतो, दोन-तीन पॅरामोटरवाले माझ्याकडे इंजिन आणतात. माझ्या बाजूचं सांगतो.

आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, म्हणून कार्बोरेटरच्या जुन्या जेटिंगवर (पेट्रोल किती सोडायचं त्या जुळणीवर) मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि इंजिन गरम चालतं. शिवाय ते हवेतलं पाणी शोषतं. डबा महिनाभर पडून राहिला की पाणी आणि इथेनॉल तळाशी वेगळं होतं. या इंजिनांचे कार्बोरेटर पडद्याचे असतात, त्या रबरी पडद्यांना आणि पेट्रोलच्या नळ्यांना इथेनॉल मानवत नाही, ती कडक होतात. पेट्रोल ताजं घ्या, ऑईल कंपनीने सांगितलंय त्या प्रमाणातच मिसळा, उरलेलं पुढच्या महिन्यात वापरू नका. स्पार्कप्लग काढून रंग बघा. टोक पांढरंफटक दिसलं तर उडू नका, मिश्रण पातळ आहे, पिस्टन जाम होईल.

शाळेची मोटर दिवसाला चार-पाच पोरं वापरतात, आपटतात. सायलेन्सरच्या स्प्रिंगा आणि रबरी माउंट आधी जातात. सायलेन्सरचा तुकडा सुटला तर तो मागे पात्यातच जाणार. प्रत्येक स्प्रिंगेला सेफ्टी वायर आहे का, माउंटला चीर आहे का, पात्याचे बोल्ट घट्ट आहेत का, हे स्वतः हात लावून बघा. मोटर दुसऱ्याची असली तरी पाठीवर तुमच्या आहे.

वाचक_सातारा

@स्पार्कप्लग, फार उपयोगी. वाचनखूण साठवली.

कायद्याचं थोडं. २०२२ च्या जूनमध्ये केंद्राने राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरण आणलं. त्यात पॅराग्लायडिंगबरोबर पॅरामोटरिंग आणि चाकांची पॉवर्ड पॅराशूटंही आहेत, आणि वर एअर स्पोर्ट्स फेडरेशन ऑफ इंडिया ही शिखर संस्था कल्पिली आहे. पण जमिनीवर परिस्थिती जिल्ह्यागणिक वेगळी. मुंबई पोलीस तर पॅराग्लायडर, ड्रोन, मायक्रोलाइट यांवर बंदीचे आदेश वरचेवर काढतात. पुण्यात लोहगाव हवाई दलाचं आहे, खडकवासल्याला लष्करी प्रबोधिनी एनडीए आहे, त्यामुळे मोकळं मैदान दिसलं म्हणून उडता येत नाही. शाळेकडे स्थानिक परवानगीचा कागद मागा. जानेवारी २०२५ मध्ये गोव्यात केरी इथे पॅराग्लायडिंगमध्ये पुण्याची एक तरुणी आणि पायलट दोघेही गेले, आणि त्यानंतर कंपनीच्या मालकावर गुन्हा नोंदवला गेला. कागद अपघात थांबवत नाही हे खरं, पण ज्याने परवानगीचाही विचार केला नाही त्याने दोऱ्यांचा केला असेल असं मला वाटत नाही.

विमाही बघा. बऱ्याच अपघात पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात.

भिरभिरी

सगळ्यांचे मनापासून आभार. हे सगळं छापून आईला वाचायला दिलं. तिने डॉक्टर शाल्मली यांचा प्रतिसाद दोनदा वाचला.

त्या पहिल्या शाळेला मी तीन प्रश्न पाठवले: माझ्या वजनाला साजेशी छोटी मोटर आहे का, मोटरशिवाय हाताळणी किती तास, आणि मैदानावर टूर्निके असतं का. पहिल्याचं उत्तर "नाही" असं सरळ दिलं, त्याबद्दल त्यांचे आभार. बाकी दोन्हींचं उत्तर आलं नाही. तिथे जाणार नाही.

दुसऱ्या एका ठिकाणी शनिवारी सकाळी नुसतं बघायला गेले. शिकणारे चौघे होते. सकाळी साडेनऊला प्रशिक्षिकेने वाऱ्याचा मीटर दाखवला, एका क्षणी ताशी आठ किलोमीटर, दुसऱ्या क्षणी सतरा, आणि मोटर गाडीत भरायला सांगितल्या. एकाने "मी कोल्हापूरहून आलोय, एकदा तरी" म्हणून आग्रह केला. त्या म्हणाल्या, "उद्या पहाटे सहाला या, आज विंग हाताळा." तो रागावला, पण थांबला. मग अकरापर्यंत सगळे नुसती विंग घेऊन घाम गाळत होते.

माळरानदादा, दोन प्रश्न राहिले. मीटरचा सरासरी आकडा बारा असताना त्यांनी का थांबवलं? आणि तारांबद्दल तुम्ही फक्त उल्लेख केलात, तेवढं सांगाल का?

माळरान

सरासरीने त्यांनी थांबवलं नाही, फरकाने थांबवलं. एकसारखा बाराचा वारा मुरलेल्याला आनंदाचा असतो. आठ आणि सतराच्या मध्ये हेलकावणारा वारा म्हणजे ऊन जमिनीला तापवायला लागलंय आणि गरम हवेचे गोळे सुटायला लागलेत. शिकाऊ विंगचा वेग ताशी ३५-४० किलोमीटर. तिला एका सेकंदात ताशी नऊ किलोमीटरचा फरक बसला की ती पुढे-मागे झुलते, आणि वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे आठचा सोळा झाला की चौपट. आपल्या पठारावर मार्च ते मे नांगरलेल्या रानात वावटळी उठतात, त्या सगळ्याच धूळ उडवत नाहीत, काही दिसतही नाहीत. म्हणून नवशिक्याने सूर्योदयानंतरचे पहिले दोन-तीन तास आणि ऊन उतरल्यानंतरचा शेवटचा तास एवढंच धरावं. झाडांच्या रांगेच्या किंवा गोदामाच्या आडोशालाही उतरू नका. वारा अडथळ्यावरून उडी मारून पलीकडे गरगरतो, त्या गरगरीची लांबी अडथळ्याच्या उंचीच्या सात-दहा पट असू शकते.

ती बाई चांगली आहे. तिथे शिका.

तारा. हवेतून तार दिसत नाही, हे आधी पक्कं करा. सकाळच्या तिरप्या उन्हात तर मुळीच नाही. म्हणून तारा शोधायच्याच नाहीत, खांब शोधायचे. शेतात दोन खांब दिसले की त्यांच्यामध्ये तार आहेच असं धरायचं. विहिरीवर पंप आहे म्हणजे तिथपर्यंत लाइन आहे, बांधावर डीपी आहे म्हणजे तिथून तीन-चार दिशांना लाइन आहे. ओलांडायचं झालं तर खांबाच्या बरोबर वरून, कारण तारेची सगळ्यात उंच जागा तीच आणि दिसणारीही तीच. उतरायच्या मैदानाभोवती आदल्या दिवशी पायी फिरा आणि प्रत्येक खांब कागदावर मांडा. तारेत अडकलात आणि लोंबकळत राहिलात तर महावितरणला फोन करून लाइन बंद झाल्याची खात्री होईपर्यंत खालच्या कोणीही तुम्हाला किंवा दोऱ्यांना हात लावायचा नाही, हे तुमच्या सोबत्यांनाही सांगून ठेवा. मदतीला धावलेला माणूसच अशा वेळी जातो.

रिझर्व्ह पॅराशूटचं नाव कोणी काढलं नाही म्हणून एवढंच. ते हवंच, दर सहा-बारा महिन्यांनी नव्याने घडी घातलेलं हवं, आणि त्याचा दांडा कुठे आहे हे तुमच्या हाताला न बघता सापडायला हवं. पण पन्नास मीटरच्या खाली त्याचा भरवसा धरू नका, उघडायलाच जागा लागते.

शाल्मली_अस्थिरोग

भिरभिरी, तुमच्या आईंना एक निरोप द्या. कोर्सच्या पहिल्या दिवशी मैदानाचा नेमका पत्ता आणि जवळच्या शस्त्रक्रिया होणाऱ्या रुग्णालयाचा नंबर घरी लिहून ठेवा. नकाशावरचा बिंदू पाठवून पुरत नाही, १०८ वाल्यांना गाव, वाडी आणि रस्त्याचा फाटा सांगावा लागतो. मैदानात गाडी आत येते का हेही पहिल्या दिवशीच बघून घ्या. आणि त्या प्रशिक्षिकेकडे टूर्निके आहे का ते विचारलंत का?

भिरभिरी

विचारलं. प्रथमोपचाराच्या पिशवीत दोन आहेत, आणि पहिल्याच दिवशी प्रत्येक विद्यार्थ्याकडून एकदा बांधून घेतात. रस्त्याचा फाटा लिहून घेतला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून जातेय. पहिले तीन दिवस मोटरला हात लावायचा नाही असं त्यांनी आधीच सांगितलंय.